घोडा सारखा अडखळतो, पुन्हा धीराने बसायचं कसं?

"घोडा सारखा ठेचकाळतो, एकदा तर गुडघ्यांवर आला. आता रिकिबीत पाय टाकतानाच पोटात गोळा येतो. ही भीती घालवू कशी?" नवशिके हे विचारतात आणि वर्षानुवर्षं स्वारी करणारेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट. ही भीती घालवायची घाई करू नका. घोडा का अडखळतो हे कळेपर्यंत ती अगदी रास्त आहे. "बिनधास्त बस, काही होत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकून दुखऱ्या खुरांच्या घोड्यावर दात आवळून बसलात, तर घोड्यावर अन्याय होतो आणि तुमची मानही धोक्यात येते.

म्हणून सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे दर रपेटीनंतर लिहून ठेवा: कोणता पाय अडखळला, चालताना की दुडकीत, सुरुवातीलाच की दमल्यावर, जमीन कडक होती, वाळूची होती की उताराची, आणि नाल मारून किती दिवस झाले. घोडा मोकळा असताना किंवा लांब दोरीवर गोल फिरताना अडखळतो का, हेही बघा. मग कोणाला तरी तो कडक, सपाट जमिनीवर हाताने चालवायला सांगा आणि मोबाइल जमिनीलगत धरून बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. खूर टेकताना टाच किंचित आधी किंवा सगळा तळ एकदम टेकला पाहिजे. खुराचं टोक आधी टेकत असेल तर टाचेकडचा भाग दुखतोय असा दाट संशय घ्यावा.

नेहमी आढळणारं कारण म्हणजे वाढलेलं खूर. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतं आणि टोकाकडे पुढे सरकत जातं. पाय उचलताना खुराला टोकावरून वळावं लागतं. टोक लांबलं की हे वळणं उशिरा होतं, पाय पुढे यायला वेळ लागतो आणि टोक जमिनीत अडकतं. मोठ्या मापाचे बूट घालून पायऱ्या चढताना आपलं जे होतं तेच. नालबंदी साधारण पाच-सहा आठवड्यांनी व्हायला हवी. ती आठ-दहा आठवड्यांवर गेली, तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अडखळणं वाढतं आणि वहीत ते स्वच्छ दिसतं. नालबंदाला वही दाखवा. टोक आखूड करायला, नालेची पुढची कड गोलसर करायला आणि नाल किंचित मागे बसवायला सांगा. मात्र अनेक महिने लांब राहिलेलं टोक एका दिवसात पूर्ण छाटू नये. दोन-तीन खेपांत खाली आणलं तर सांध्यांना आणि कंडरांना जुळवून घेता येतं. त्याच वेळी तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाचा वास घ्या. काळपट ओल आणि कुजका वास म्हणजे तिथे सड लागली आहे, आणि सड खोल गेली की टाच दुखते.

नालबंदी नीट होऊनही पुढचे पाय अडखळत असतील, पावलं आखूड पडत असतील आणि कडक जमिनीवर छोट्या गोलात त्रास वाढत असेल, तर पशुवैद्याला बोलवा. चिमट्याने खूर दाबून बघणं, एक-एक भाग बधिर करून चाल तपासणं आणि एक्स-रे या क्रमाने दुखण्याची जागा बहुतेक वेळा सापडते. घोडा पेंगताना गुडघ्यांत वाकत असेल आणि पुढच्या पायांच्या फेटलॉकवर, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यावर, समोरून खपल्या दिसत असतील, तर झोपेचा विचार करा. गाढ झोपेसाठी घोड्याला रोज अर्धा ते एक तास आडवं व्हावं लागतं. जागा अपुरी असली, सांधे दुखत असले किंवा असुरक्षित वाटत असलं की तो आडवा होणं टाळतो. याचा विचार फार थोडे लोक करतात.

काही लक्षणं दिसली तर मात्र घोड्यावर बसायचंच नाही. छोट्या गोलात वळताना मागचे पाय एकमेकांत गुंततात किंवा बाहेर फेकले जातात, फेटलॉक पुढे मुडपून खूर पालथं पडतं, उतारावर डोकं वर धरलं की कंबर झोकांड्या खाते. ही मज्जासंस्थेच्या बिघाडाची चिन्हं असू शकतात. अशा घोड्याला आपले पाय कुठे पडताहेत हेच नीट उमगत नाही. चालताना शेपूट एका बाजूला ओढून तोल पाहण्याची परीक्षा असते, पण ती पशुवैद्यालाच करू द्या.

खोगीरही तपासा. नुसता फिरवताना न अडखळणारा घोडा खोगीर चढवताच ठेचकाळत असेल, तर खोगिराच्या आतल्या सांगाड्याची पुढची टोकं घोड्याच्या खांद्याच्या हाडावर येताहेत का ते बघा. ती हाडाच्या मागे दोन-तीन बोटं असावीत. स्वार आणि सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांच्या आत ठेवा. 400 किलोच्या घोड्यासाठी ते खोगीर धरून 60 ते 80 किलो होतं.

आता तुमच्याकडे येऊ. कारण सापडलं, उपचार झाले, तरी भीती हातांत उरते आणि तिथून ती घोड्याला अडखळवते. घोडा उभा असतानाच त्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. घाबरलेला स्वार खाली बघतो, पुढे झुकतो, गुडघे आवळतो आणि लगाम आखडतो. म्हणजे पुढचा भार आणखी वाढतो, आणि तोल सावरायला घोड्याला लागणारी मानच आपण बांधून टाकतो.

"लगाम वर ओढून घोड्याला उचलायचं" हा सल्ला डोक्यातून काढून टाका. शेकडो किलोंचं जनावर हातांनी उचललं जात नाही. ते मान लांबवून आणि झोकून स्वतःच उठतं. तुम्ही लगाम घट्ट धरलात तर तुम्हीच पुढे ओढले जाता. घोडा अडखळला की नजर समोर, खांदे मागे, टाचा खाली, आणि बोटं सैल सोडून लगाम घसरू द्यायचा. एक हात घोड्याच्या मानेभोवती बांधलेल्या पट्ट्यात. हा पट्टा रिकिबीच्या वादीचाही चालतो. तो मानेच्या तळाशी, हात न वाकता पोचेल असा बांधा. घोडा सावरला की चार पावलं पुढे चालवा. त्याला मारू नका, कारण मार बसला की पुढच्या अडखळण्यानंतर तो घाबरून उधळेल.

हे आयत्या वेळी सुचत नाही, हाताला आधीच सवय लावावी लागते. घोडा उभा ठेवून वर बसा आणि सोबत्याला बिटाच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडातल्या दांडीच्या, बाजूने लगाम धरून तुमच्या हातातून अचानक पुढे ओढायला सांगा, घोड्याचं तोंड न ओढता. दरवेळी बोटं आपोआप उघडेपर्यंत सराव करा.

घोड्याच्या सरावासाठी जमिनीवर आडवे दांडे ठेवून त्यांवरून त्याला चालवणं उत्तम. चालीसाठी दोन दांड्यांत 80 ते 90 सेंटिमीटर, दुडकीसाठी 1.2 ते 1.3 मीटर अंतर ठेवा. घोडा लहान असेल तर कमी. आधी एकच दांडा, मग थेट तीन, कारण दोन ठेवले की काही घोडे दोन्ही मिळून एकच उडी मारतात. आठवड्यातून तीनदा दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दमलेला घोडा जास्त ठेचकाळतो. यासोबत वीस-वीस पावलांवर थांबणं आणि चालणं, तीन-चार पावलं मागे सरणं, सौम्य चढ-उतारावर चाल हे करा. याने वजन मागच्या पायांवर जायला लागतं. घोडा आळसाने पाय ओढतो हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. तो खरा असेल, तर चाल थोडी जोमदार करताच फरक दिसतो.

तुमची परत बसायची सुरुवात, शक्य असेल तर, भरवशाच्या दुसऱ्या घोड्यावर करा. मग आपल्या घोड्यावर, सोबत्याने लांब दोरीवर धरलेलं असताना, सपाट जागेत, फक्त चाल. मोठ्याने मोजत राहा. श्वास रोखला की कंबर आखडते, आणि मोजताना तो रोखता येत नाही. सलग दोन-तीन वेळा खाली न बघता रपेट झाली, की दुडकी. उघड्या रस्त्यावर किंवा खडबडीत जमिनीवर सगळ्यात शेवटी. पडल्यावर हेल्मेटला मार बसला असेल तर बाहेरून ठीक दिसलं तरी नवं घ्या.

काही घोडे सगळं करूनही अडखळतच राहतात. संधिवात वाढलेला असतो किंवा मज्जासंस्थेचं दुखणं बरं होण्यासारखं नसतं. अशा घोड्याला हाताने फिरवावं, त्याची निगा राखावी, पण त्याच्यावर बसू नये. तिथे धीर वाढवायचा प्रयत्न थांबवा.

बाकीच्यांनी वही चालूच ठेवावी. अडखळणं पुन्हा पाचव्या आठवड्यात गोळा होताना दिसलं, तर नालबंदाला चौथ्या आठवड्यातच बोलवा.