बाबांचं लायसन्स

आज बाबांच्या लायसन्स नूतनीकरणासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यायला गेलो होतो. नाव विचारलं, वय विचारलं, शिक्का मारला. नजर तपासायचा तक्ता समोरच्या भिंतीवर होता, तिकडे बघायलाही सांगितलं नाही. बाबा ७२ वर्षांचे आहेत.

मला राग आला, कारण आपल्याकडे सगळी भिस्त याच सहीवर आहे. चाळिशीनंतर हे प्रमाणपत्र लागतं, पंचावन्नीनंतर लायसन्स ५-५ वर्षांसाठीच मिळतं. पण मुदत संपून वर्ष उलटलं नसेल, तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही.

२०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीनं एका आईचा आणि तिच्या ३ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला आकलनाची चाचणी असतेच. २०२२ पासून काही ठरावीक नियम मोडलेल्या वृद्धांना गाडीही चालवून दाखवावी लागते.

आपल्याकडेही हे व्हावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र केवळ वय बघून कुणाचं लायसन्स काढून घेऊ नये. बाबांची स्कूटर म्हणजे त्यांची बँक, भाजी, मित्रांचा कट्टा. (बसच्या पायऱ्या किती उंच असतात, ते गुडघे दुखणाऱ्यालाच विचारा.) रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर फक्त दिवसा चालवायची परवानगी द्यावी.

बाबा म्हणाले, "घेऊ देत की परीक्षा, मी देतो."

शनिवारी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. मोतीबिंदू, काचबिंदू, सगळंच नीट तपासून घेणार आहोत.