समला जाताय? मग डीजेच्या आधीचं ऐकून या

जैसलमेरला उतरलं की डेझर्ट सफारी हे प्रकरण कुणालाच चुकत नाही. हॉटेलवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, किल्ल्याच्या दारात बांधणीच्या ओढण्या विकणारा पण ओढणी बाजूला ठेवून आधी विचारतो, "सम का बुकिंग हो गया क्या?" पॅकेज सगळीकडे साधारण एकच असतं बघा. दुपारी शहरातून निघायचं, वाटेत कुलधरा हे ओस पडलेलं गाव, मग वाळूच्या टेकड्यांच्या समला पोचून उंट, जीप, सनसेट, कॅम्पवर चहा-भजी, नाचगाणं, जेवण आणि ज्यांना तंबूत राहायचं नाही त्यांना रात्री परत शहरात सोडणार. आम्ही हे परत येणारंच घेतलं, कारण आईला जानेवारीच्या थंडीत तंबू झेपला नसता. रात्री पारा पार खाली उतरतो तिकडे, दुपारी टोपी आणि रात्री कानटोपी असा हिशोब.

आमचा प्रवास नेहमीचाच, बांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर आणि पुढे गाडी. जोधपूर ते जैसलमेर 280 किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता असा सरळसोट की ड्रायव्हरला झोप येईल म्हणून आम्हीच आळीपाळीने त्याच्याशी गप्पा मारत होतो.

आता समचं. शहरापासून 40-42 किलोमीटर पश्चिमेला. आमची मुलगी खिडकीला नाक लावून बसलेली आणि दर पाच मिनिटांनी "वाळू कुठंय?" कारण वाटेत वाळूच्या टेकड्या नाहीतच, सगळं खडकाळ माळरान, त्यात रुई, केराची काटेरी झुडपं, सेवण गवताचे पुंजके, अधेमधे एखादी खेजडी आणि जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या. पवनचक्क्या तर इतक्या की विचारू नका, आपल्या पुण्याच्या सुझलॉनने तिथं 1000 मेगावॅटच्या वर क्षमतेचा प्रकल्प उभा केलाय. थरचं वाळवंट म्हणजे बहुतेक ठिकाणी असंच आहे, आणि फोटोत दिसतात त्या लाटालाटांच्या टेकड्यांचा समला एक काही किलोमीटरचा पट्टा आहे, सगळे टुरिस्ट त्याच पट्ट्यावर. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर आमच्यासोबतच्या गाडीतल्या काकांसारखं "एवढंच?" होतं.

कुलधरा मात्र मला आवडलं, पण भुताखेतांमुळे नाही. गाईड लोक तेच सांगतात, पालीवाल ब्राह्मणांची 84 गावं दिवाण सालमसिंहाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, म्हणून इथं कुणी वसत नाही वगैरे. अभ्यासक पाणी आटणं, कराचा बोजा, भूकंप अशी साधी कारणं देतात. मला जास्त भारी वाटलं ते पालीवालांचं खडीन. म्हणजे खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खाली लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. जैसलमेरला वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं गहू! आम्ही सोलापूरचे, मुरलेल्या ओलीवरची शाळू खाऊनच मोठे झालेलो, आम्हाला दुष्काळी म्हणतात तरी आमच्याकडे तिथल्या दुपटीहून जास्त पडतो. नवरा त्या पडक्या घरांपेक्षा बांध कुठं होता तेच शोधत फिरला आणि गाईड वैतागला.

समला पोचलो की गाडीला उंटवाल्यांचा गराडा. भाव करा, लाजू नका, सांगतात त्याच्या निम्म्याच्या जवळपास येतात. फक्त ठरवताना कुठपर्यंत नेणार, किती वेळ आणि आणणार की तिथंच सोडणार हे तिन्ही विचारून घ्या, नाहीतर "पॉइंट" म्हणजे पहिलीच टेकडी निघते.

उंटावर बसण्यात खरी गंमत (किंवा भीती) उठताना आणि बसतानाच आहे. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर. म्हणजे तुम्ही एकदम तोंडावर पुढे, मग पुढचे पाय सरळ करतो तेव्हा मागे, आणि हे कळेपर्यंत तुम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. उंटवाला पोरगा विशीतला असेल, आईला म्हणाला, "माताजी, पीछे झुको, पीछे, डंडा पकड़ के रखो," आणि आईने तो पलाणाचा दांडा असा धरला की रामरक्षा संपेपर्यंत सोडला नाही. आई वर आणि मुलगी तिच्या मागे, मी आणि नवरा दुसऱ्यावर. उंट चालायला लागला की मात्र मस्त, एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदमच टाकतो म्हणून ते डुलणं येतं, आणि तळवे एवढे रुंद नि मऊ की वाळूत रुतत नाही, आवाजही नाही. मी वरून खाली बघत होते तर पाऊल टेकलं की पसरायचं आणि उचललं की आक्रसायचं, अगदी स्पष्ट दिसतं.

पोराला विचारलं किती उंट आहेत घरी, तर म्हणाला दादाजींकडे कळप होता, आता दोन, आणि ते सुद्धा टुरिस्टांसाठीच. शेतात ट्रॅक्टर आले, गाड्याला टेम्पो आले, उंट पाळून करायचं काय. हे त्याच्या एकट्याच्या घरचं नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात अडीच लाख उंट उरले होते, 2012 ला चार लाख होते. राजस्थानने 2014 ला उंटाला राज्य पशू केलं, पुढच्याच वर्षी कत्तल आणि राज्याबाहेर नेण्यावर बंदीचा कायदा केला, पण तिकडचे पाळणारे उलट म्हणतात की विकताच येत नाही तर पाळायचा कशाला. मी काही एक्स्पर्ट नाही, पण सीझनमध्ये टुरिस्टच त्याचं पोट भरतात हे खरं आहे. म्हणून "प्राण्यावर बसणं क्रूर आहे" म्हणून सरसकट नको म्हणण्यापेक्षा जरा बघून घ्या, उंट लंगडतोय का, वेसणीपाशी नाकाला जखम आहे का, एकावर तीन-तीन माणसं चढवतायत का. तसं दिसलं तर दुसरा घ्या. आणि टिप त्या पोराच्या हातात द्या, मालकाच्या नको.

जीप सफारी हा मुलीचा आणि नवऱ्याचा विषय. उघडी फोर बाय फोर गाडी, मागे उभं राहायला लोखंडी पाइप, आणि एवढ्या मोठ्या आवाजात गाणी की ड्रायव्हर "पकड़ के" म्हणाला ते ऐकूच आलं नाही. वाळूत शिरायच्या आधी तो खाली उतरला आणि काडीने व्हॉल्व दाबून चारही टायरची हवा काढायला लागला. मला वाटलं पंक्चर. तर हवा कमी केली की टायर चपटा होऊन जास्त जागेवर टेकतो, वजन पसरतं आणि गाडी रुतत नाही, उंटाच्या तळव्याचंच लॉजिक! मग टेकडीच्या माथ्यापर्यंत जोरात, माथ्यावर क्षणभर समोर फक्त आभाळ, आणि धपकन खाली. पोटात गोळा येतो. मी ओरडले, कबूल. मजा आली, पण कंबरेचं, मानेचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि अगदी लहान मुलांनी यात बसू नये, तिथं कुणी विचारत नाही, तुम्हीच ठरवायचं. आई खाली चहाच्या टपरीवर बसली आणि तिने म्हणे त्या चहावाल्याच्या बायकोकडून भाजीसाठी केर-सांगरी कशी भिजवायची ते सगळं विचारून घेतलं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली गणपतीला वाहतो ती शमी, हे आईला कळल्यावर पुढचा अख्खा दिवस तेच.

एक गोष्ट जीपवाले सांगत नाहीत. समच्या आजूबाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, 3162 चौरस किलोमीटर, आणि तो माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा. तिकडे गोडावण म्हणतात, राज्य पक्षी आहे. आमच्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं 1979 ला, शाळेच्या ट्रिपा तिथंच जायच्या, आणि आता तिथं एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. जैसलमेर भागात पण फार नाहीत, रानात मोकळे असे देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच. अंगाने जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतात, त्यावरून सुप्रीम कोर्टात केस चालली. समला त्यांचं प्रजनन केंद्र आहे, अंडी उबवून पिल्लं वाढवतात. ते बघायला सोडत नाहीत, पण निदान जीपवाल्याला टेकड्यांचा पट्टा सोडून गवताळ माळावर गाडी घालायला लावू नका, माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, आणि एका वेळी बहुतेक एकच.

सनसेट. छान होता. शेकडो लोक, त्यात मॅगीवाले, बिअरवाले, "फोटो सर फोटो"वाले. जरा लांब चालत गेलात तर पायाखाली वाऱ्याने उमटवलेल्या बारीक वळ्या दिसतात आणि त्यावर शेणकिड्यांच्या पावलांची टाक्यांसारखी नक्षी, आमची मुलगी तेच फोटो काढत बसली, सूर्याचा एकही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. कॅम्पवर गेल्यावर टिळा लावून स्वागत, मधे मोकळं अंगण, भोवती गाद्या-लोड, आणि कार्यक्रम सुरू. आधी मांगणियार गायले. ही मुसलमान गवयांची जात, आणि यांचे यजमान पिढ्यान् पिढ्या बहुतेक राजपूत, म्हणजे यजमानाच्या घरी पोर झालं, लग्न निघालं की यांनी जाऊन गायचं, त्या घराण्याच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, देवीचं गायचं, कृष्णाचं गायचं आणि सूफी कलामही. एक म्हातारेबाबा कमायचा घेऊन बसले होते. आंब्याच्या लाकडाचं एकाच ओंडक्यातून कोरलेलं गोल पोट, वर बकरीचं कातडं ताणलेलं, आतड्याच्या तारा, घोड्याच्या केसांचा गज. आवाज असा खर्जातला आणि खरखरीत की आधी वाटतं नीट लागलेला नाही. शेजारी पोरगा खडताल वाजवत होता, नुसत्या शिसवीच्या चार पट्ट्या, एकेका हातात दोन, चिपळ्यांची ही मारवाडी चुलत बहीण म्हणा, पण वेग असा की बोटं दिसेनात. कमायचा वाजवणारे आता फार थोडे राहिलेत, साकर खान मांगणियारांना 2012 ला त्यासाठीच पद्मश्री मिळाली होती.

आणि हे किती वेळ? जेमतेम. एक देवीचं झालं, मग लोकांनी सिनेमामुळे माहीत झालेल्या दोन गाण्यांची फर्माईश केली, ती झाली, की कालबेलिया. तो नाचही अफाट आहे, काळा घागरा गरगर फिरतो आणि ती बाई मागे वाकून डोळ्याच्या पापणीने जमिनीवरची नोट उचलते. साप पकडणारी ही जमात, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते काम बंद झालं आणि नाचावर पोट आलं, 2010 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मग डोक्यावर घडे रचून भवाई, मग तोंडातून जाळ, आणि मग मॅनेजरने माइक घेऊन "अब आप सब के लिए डीजे नाइट!" म्हातारेबाबा कमायच्याला कापडात गुंडाळत होते आणि त्यांच्या मागच्या स्पीकरवर आपलं लग्नाच्या वरातीतलं सगळं सुरू झालं. मला नाचायचा कंटाळा नाहीये हां, गणपतीत मी पुढे असते, पण त्यासाठी सोलापूरहून जैसलमेर?

जेवणात दाल बाटी चुरमा, गट्टे, बाजरीची रोटी, लसणाची चटणी, सगळं बरं होतं, बाटीवर तूप सढळ. ताट हातात घेऊनच आम्ही तंबूंच्या मागे गेलो, तिथं ती मंडळी शेकोटीपाशी आपल्या जेवणाची वाट बघत होती. नवऱ्याने जरा भीतभीतच विचारलं, "बाबा, एक और सुनाओगे?" बाबा म्हणाले, "वो डब्बा बंद होगा तो सुनाऊँगा." डबा काही बंद झाला नाही. पण बाबांनी तरी लावला, डीजेच्या धडधडीतच, आम्ही गुडघ्याला गुडघे लावून बसलो, आणि ते गायले एक लांबलचक, त्यात यजमानाच्या पणजोबापासून नावं येत होती, आईला शब्द कळत नव्हते तरी प्रत्येक नावाला मान हलवत होती. मग तिने पर्समधून पाचशेची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली, तिच्या पर्समधून असं सहज निघत नाही कधी.

तर बुकिंग करताना फोनवर एवढं विचारा: कमायचावाले येतात का, गाणं किती वेळ, आणि डीजे आहे का. पहिल्या प्रश्नाला समोरचा "हैं?" म्हणाला तर दुसरा कॅम्प बघा. गर्दी नकोच असेल तर दक्षिणेकडे खुडीला जा, तिथंही टेकड्या आहेत, गावातल्या लोकांची झोपड्यांची छोटी गेस्टहाऊस आहेत आणि समच्या मानाने बरीच शांतता. ऑक्टोबर ते मार्च सोडून जाऊ नका. वाळूत बूट नको, चपला बऱ्या. कॅमेरा पिशवीत ठेवा, लेन्समध्ये बारीक वाळू गेली की झालं. आणि सुट्टे पैसे न्या, तिथं पाचशेचे सुट्टे कुणाकडेच नसतात, निदान आईने मागितले तेव्हा तरी नव्हते.