अडीच सेंटिमीटर माया

मागच्या नोंदीत मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं होतं: सहा आठवड्यांत दोन एप्रन, फेकाफेकीच्या (दाणे भरून झेलायच्या) चार पिशव्या आणि दर रविवारी मुलांच्या हातचा पाव. आज अकरावा आठवडा संपतोय. एक एप्रन झाला, दुसरा नुसता बेतून पडलाय, पिशव्या तीन झाल्या आणि त्यातली एक हरवली. पाव मात्र एकदाही चुकला नाही. तो खायला मिळतो ना!

नव्याने वाचत असाल तर एवढंच सांगतो. थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. मी त्यांचा बाबा, शिवणकामात स्वतःच जेमतेम दोन वर्षांचा. मशीन हाताने फिरवायचं, माझ्या आईकडून आलेलं. असं मशीन कुणाकडे धूळ खात पडलं असेल तर मुलांसाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने कापड सरकवायचं. वेग मुलाच्या हातात राहतो आणि त्याची बोटं सुईपासून हातभर लांब. मोकळा हात मांडीवर ठेवायचा, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम.

पहिले दोन आठवडे: कागद

दोरा न ओवता कागदावर शिवलं. आधी सरळ रेघ, मग नागमोडी, मग गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल आत जाणारी. कागदाने सुई बोथट होते, म्हणून टाकून द्यायची जुनी सुई लावली होती. भोकं पडलेल्या रेघेवरून कागद फाडायचं काम धाकट्याचं. टर्रर्र आवाज झाला की तो पुढचा कागद मागायचा. थोरलीला वळणावर थांबून, सुई खाली रुतवून, दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलून कागद फिरवायचं जमायला चार दिवस लागले. मला ते शिकायला महिना लागला होता, हे तिला सांगितलेलं नाही.

तिसरा आठवडा: गुंता

दोरा ओवला आणि पहिल्याच शिवणीत कापडाच्या खाली दोऱ्याचा बोळा. मी अर्धा तास बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) काढ-घाल करत बसलो. ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल: बोळा खाली दिसतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी खाली असताना दोरा ओवला, की ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. मग ताणच नसलेला दोरा खाली ढिला उतरत राहतो. दाबपट्टी वर करायची, पुन्हा ओवायचं, आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. टोकं धरायचं काम आता धाकट्याकडे आहे. तो ती इतकी घट्ट धरतो की कापडच मागे खेचलं जातं. पण बोळा पुन्हा झालेला नाही.

चौथा आणि पाचवा आठवडा: पिशव्या, आणि माझी चोरी

पिशव्या हाताने शिवायच्या असं थोरलीने ठरवलं. तयारी अशी केली: कापड आधी धुऊन घेतलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मोठ्या नाकाची पण टोकदार सुई घेतली. बोथट सुई जाळीच्या कापडाला चालते, दाट विणीच्या सुती कापडात ती घुसतच नाही आणि मूल जोर लावून लावून रडकुंडीला येतं. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही. दोरा दुहेरी करून दोन्ही टोकांची मिळून एकच गाठ मारली, म्हणजे सुई दर तिसऱ्या टाक्याला निसटत नाही. शिवणीच्या रेघेवर एकेक सेंटिमीटरवर ठिपके दिले. एका ठिपक्यातून खाली, पुढच्यातून वर. धावदोरा, बस.

नेहमीसारखी मी दीड सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीच्या रेघेबाहेरचं जास्तीचं कापड, सोडली होती. तिची रेघ मात्र एकदा आत, एकदा बाहेर, आणि एका कोपऱ्यात तर थेट कापडाच्या कडेवरून घसरून गेलेली. अशी पिशवी भरली की दाणे सांडणार. रात्री मुलं झोपल्यावर मी तो कोपरा उसवला, तिच्यासारखेच जरा वाकडे टाके घातले आणि पिशवी होती तशी टोपलीत ठेवून दिली. मनात म्हटलं, काय कळतंय!

सकाळी ती टोपलीपाशी बसून बोट ठेवत टाके मोजत होती. दोनदा मोजले.

"बाबा, माझे तेवीस होते."

"मग?"

"हे एकोणतीस आहेत. तू केलंस?"

हो म्हटलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मग ही तुझी. मला दुसरं कापड दे." त्या पिशवीला तिने आजतागायत हात लावलेला नाही. हरवलेली पिशवी तीच, आणि ती खरंच हरवली की हरवली गेली, याबद्दल मला शंका आहे.

मी हे पहिल्यांदा केलं नव्हतं, हे इथे कबूल करतो. भेटकार्डांच्या कडा, चिकटवलेली पानं, पावांचे आकार, सगळं मी हळूच 'जरासं नीट' करत आलोय. आपल्यापैकी बरेच जण करत असतील. निम्मा वेळ तर मला स्वतःलाच पत्ता नसायचा, हात आपोआप पुढे जायचा.

दुसऱ्या कापडाला मी अडीच सेंटिमीटर माया सोडली. एवढाच फरक. रेघ तशीच डुलत गेली, पण डुलायला दोन्ही बाजूंना जागा होती. शिवण आतल्या बाजूला गेली, पिशवी सुलटी केली, दाणे भरले, एकही सांडला नाही. मला उसवण्यासारखं काही उरलंच नाही. कापड जास्त जातं, कोपरे आतून जाड होतात, पिशवी ठरवल्यापेक्षा लहान होते. चालतंय. कोपऱ्यातली माया तिरकी छाटली की जाडीही कमी होते, फक्त टाक्यापासून अर्धा सेंटिमीटर तरी लांब छाटा.

दोऱ्याच्या रंगाचं राहिलंच. आधी मी कापडाच्याच रंगाचा दोरा द्यायचो, वाकडेपणा झाकला जावा म्हणून. पण मग तिला स्वतःचा मागचा टाकाच दिसायचा नाही, आणि पुढचा आणखी भरकटायचा. निळ्या कापडावर लाल दोरा दिल्यापासून रेघ आपोआप सुधारली आहे.

भरायचं काम धाकट्याचं. चमच्याने दाणे, तीन चतुर्थांशच, नाहीतर पिशवी दगडासारखी होते आणि झेलता येत नाही. दाणे घरातल्या लहानग्याच्या नाका-तोंडात जाऊ शकतात, म्हणून नंतर दाण्यांसाठी आत वेगळी पिशवी मी मशीनवर बारीक टाक्यांची, दोनदा टीप मारून केली. वरची तेवढी थोरलीची. आतली काढून ठेवली की वरची धुता येते.

दरम्यान, स्वयंपाकघर

पावाचं माप आता पाठ झालंय: ५०० ग्रॅम पीठ, ३२० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ. पाणी मनगटाला कोमट लागलं पाहिजे, चटका बसला तर यीस्ट मरायची भीती. दहा मिनिटं मळायचं. दोघांना शंभर-शंभर ग्रॅमचा स्वतःचा गोळा मिळतो, बाकीचा माझा. धाकट्याचा गोळा हात धुऊनही दर वेळी राखाडी कसा होतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. कच्चं पीठ चाटू देत नाही, पीठ शिजवलेलं नसतं आणि त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. हे सांगून थोरली ऐकते. धाकट्याच्या हातात मळताना सफरचंदाची फोड द्यावी लागते.

सहाव्या आठवड्यात मीठच राहिलं. थोरली माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि मिठाची वाटी धाकट्याकडे. त्याने त्यात बोटाने रस्ते काढले होते. बिनमिठाचं पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगून आलं, कारण मीठ यीस्टला जरा लगाम घालतं. आम्हाला वाटलं, वा, आज काय जमलंय! भाजून निघाला तो पुरता अळणी पाव. तेव्हापासून सगळ्या वाट्या आधी मांडायच्या आणि रिकामी झालेली पालथी घालायची.

सध्या दोघांना वेड आहे ते साळिंदराचं. गोळ्याला एका बाजूने टोक काढायचं, कात्री पिठात बुडवून जवळजवळ आडवी धरायची आणि पाठीवर छोटे छोटे काप द्यायचे. काटे उभे राहतात. पहिल्या खेपेला आम्ही काप देऊन पीठ पुन्हा फुगायला ठेवलं आणि काटे सगळे गायब, साळिंदराचं कासव झालं. आता गोळा फुगून तयार झाला की भाजायच्या अगदी आधी काप देतो. २२० अंशांवर साधारण पंधरा मिनिटं, मग उलटा करून बुडावर टिचकी. पोकळ आवाज आला की झाला. कात्री जमत नव्हती त्या धाकट्याला या साळिंदरांनीच कात्री शिकवली. कागद हातातून निसटतो, पीठ निसटत नाही.

पिशव्यांनंतर स्वयंपाकातही मी माया, म्हणजे चुकायला जागा, शोधायला लागलो. केकमध्ये ती फारच कमी: बेकिंग पावडर चमचाभर जास्त झाली की संपलं, आणि मिश्रण ओलं झालं की ताबडतोब भट्टीत जायला हवं. पावात भरपूर आहे. मुलं मध्येच उठून खेळायला गेली तर पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळपर्यंत सावकाश फुगत राहतं, चवही जरा चांगली येते. सूपमध्ये तर मायाच माया. गाजराचे तुकडे लहान-मोठे झाले तर लहान आधी विरघळतील, एवढंच. चिरताना पाटाखाली ओला फडका घालतो म्हणजे पाट सरकत नाही, आणि बोटं आत वळवून धरायला लावतो. तुकडे एकसारखे करायला मी नंतर हात लावत नाही. लावावासा वाटतो. खूप वाटतो.

मिठाच्या पिठाची खेळणीही झाली (दोन भाग मैदा, एक भाग मीठ, साधारण एक भाग पाणी), मंद भट्टीत तीन तास वाळवली. रंग दिले. आता ती खिडकीत आहेत, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. फक्त पाळीव कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा, एवढं मीठ त्याला घातक ठरतं.

आठवा ते अकरावा आठवडा: एप्रन

एप्रनच्या कडा आणि गळ्याजवळची वळणं मशीनवर. हँडल थोरलीचं, कापड माझं. वळणाला सरळ पट्टी बसत नाही, चुण्या पडतात, म्हणून ४५ अंशात तिरकी, म्हणजे उरेब, पट्टी कापली, ती वळणाबरोबर छान वळते. खिसा मात्र तिचा तिने, हाताने.

इथे दोन अपघात. पहिला माझा: पाण्याने पुसली जाणारी निळी खूण करून, ती धुवायच्या आधीच इस्त्री फिरवली. उष्णतेने खूण पक्की बसली. एप्रनवर आता कायमचे निळे ठिपके आहेत. थोरली म्हणते, पुढच्या वेळी कुठे शिवायचं ते कळेल.

दुसरा तिचा. मांडीवर कापड घेऊन ती खिसा लावत होती, जीभ बाहेर, मान खाली. शेवटची गाठ मारली, "झालं!" म्हणून उभी राहिली, आणि एप्रनही तिच्याबरोबर उभा राहिला. खिसा, एप्रन आणि अंगातला फ्रॉक, तिन्ही एकत्र शिवलेले. सात टाके. धाकटा जमिनीवर लोळून हसला. उसवायची सुई तिनेच मागितली आणि फ्रॉकमधले सातच्या सात टाके स्वतः काढले, मोजून. आता कापडाखाली पुठ्ठा घेऊन बसते. तुम्हीही घ्या.

पुन्हा शिवलेल्या खिशाचे एकेचाळीस टाके झाले, लाल दोऱ्याचे. मधला एक टाका खिशाच्या तोंडावरून खाली एप्रनपर्यंत गेला आहे, त्यामुळे खिसा निम्मा बंद आहे आणि त्यात हात जात नाही.

उसवायचा का, विचारलं. तिने उरलेल्या फटीत लाकडी चमचा घातला, दोन उड्या मारल्या, चमचा पडला नाही. मग माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या एप्रनलाही तसाच खिसा हवा, असं धाकट्याने सांगून ठेवलंय.