चपलेचा गोंडा, कोंबड्याचं पीस आणि मोटरीची तार

आपल्याकडं नदीवर गळ टाकायचा म्हणजे गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मीही तेच करत आलो. पण पावसाळा सरून बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले, पाणी निवळलं, की चिलापी (तिलापिया मासा) काठाला येऊन बारीक किडे टिपताना दिसते आणि कणकेकडं ढुंकूनही बघत नाही. तिला किडाच दाखवायचा तर तो पीस-दोऱ्यानं गळावर बांधावा लागतो. फ्लाय म्हणतात ती हीच. तयार सामान बाहेरून मागवायचं तर फार महाग पडतं, म्हणून मी ठरवलं, गळ तेवढा विकत घ्यायचा, बाकी सगळं कोल्हापुरातलं.

ही काही नवी युक्ती नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास क्लॉडियस एलिआनस या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासे धरणाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. ते गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायचे. लाल लोकर आणि कोंबड्याचं पीस! आपल्या गावात या दोन्हींना काय तोटा?

लोकरीसाठी चप्पल लाईनला गेलो. कोल्हापुरी चपलेवर लाल गोंडा असतो, तो सुटा हवा होता. दुकानात चपलेची वेणी घालत बसलेल्या मावशींनी मला खालीवर बघितलं.

"नुसता गोंडा? चप्पल न्हाई व्हय?"

"मासं धरायला पाहिजे, मावशी."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. डबा पुढ्यात सरकवला आणि म्हणाल्या, "बघून घ्या. समदी लोकर नसती त्यात."

ते खरंच होतं. घरी येऊन प्रत्येक गोंड्याचा एकेक धागा काडीवर धरला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळतं, त्याची कडक काळी गाठ होते. हा फरक पाण्यात महत्त्वाचा आहे. लोकर पाणी पिते, बुडते, तिचे तंतू सैल होऊन हलतात. ॲक्रिलिक तसं पाणी धरत नाही. लाल रंगालाही कारण आहे. तळाच्या गाळात राहणाऱ्या काही चिलटांच्या अळ्या लालभडक असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात, आणि माशांचं ते आवडतं खाणं.

पिसांची सोय आषाढात झाली. टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी वाहायच्या दिवसांत आमच्या गल्लीत गावठी कोंबडा शिजत नाही असं घर शोधावं लागतं. मानेची पिसं मागून आणली, कोमट पाण्यात शांपू घालून धुतली, सावलीत वाळवली आणि डांबर गोळी टाकून डब्यात भरली. ब्रॉयलरची पिसं या कामाची नाहीत, ती आखूड आणि लिबलिबीत असतात. मोराला मी हात लावत नाही. गावठी कोंबड्याच्या मानेवर तांबूस, सोनेरी, काळं सगळं मिळतं.

तार मिळाली उद्यमनगरात, मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. जळलेल्या मोटरीतून काढलेल्या तांब्याच्या तारेचा ढीगच होता. त्यातली केसाएवढी बारीक निवडून घेतली. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याची एक फ्लाय जगभर वापरतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची तार, बस्स. त्यात दोराच नाही, तीच तार वजन देते आणि तीच बांधते. त्याच माणसानं दुसरी एक फ्लाय रफूच्या लोकरीवर केली. त्या लोकरीचं उत्पादन थांबल्यावर लोक तिच्या जुन्या गुंड्या शोधत हिंडले. चांगली फ्लाय अशी शिवणाच्या डब्यातून आणि भंगारातून निघते, यावर माझा आता पक्का विश्वास बसलाय.

आता बांधणी. उद्यमनगरातूनच आणलेल्या छोट्या हँड वाईसमध्ये दहा नंबरचा गळ आडवा धरायचा. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकायचा, म्हणजे लहान मासा फारशी जखम न होता सोडता येतो. दोरा शिवणाचा पॉलिस्टर, मेणावरून ओढून घेतलेला. बॉबिनला कपड्याचा चिमटा लटकवला की त्याच्या वजनानं दोरा ताठ राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात.

खरी कसोटी त्या ताणाची. दोरा तुटायच्या जरा अलीकडं थांबायला बोटांना शिकवावं लागतं. सैल बांधलेली लोकर दोन माशांत दांडीवर गोल फिरायला लागते. मी कितीतरी संध्याकाळी नुसता दोरा गुंडाळायचा आणि मुद्दाम ताणून तोडायचा सराव केला. तुटण्याआधी दोरा बोटाखाली किंचित कुरकुरतो. ती कुरकुर ओळखता आली आणि पुढचं सगळं सोपं झालं.

नेढ्याच्या मागं थोडी दांडी मोकळी सोडून वळणापर्यंत दोरा गुंडाळायचा. तिथं तार आणि गोंड्यातला एक पदर बांधायचा. लोकर पुढं आणताना मागं बारीक, पुढं जाड होत गेली पाहिजे. मग तार उलट्या दिशेनं, अंतर ठेवून, लोकरीवरून आणायची. तिच्यामुळं लोकर सुटत नाही आणि पाण्यात चमकही दिसते. शेवटी पीस. त्याच्या बुडाचा कापूस काढून, तंतू मागं सारत दोनच वेढे द्यायचे. हात तिसऱ्या वेढ्याकडं जातोच, पण दाट पीस पाण्यात हलत नाही. गाठी मारायला रिकाम्या बॉलपेनचं निमुळतं टोक घेतो. त्यावर दोऱ्याचा फास घेऊन नेढ्यावर सरकवायचा. वर नेलपॉलिशचा एक थेंब.

टाकायला कळकाची काठी, तिच्या शेंड्यालाच बांधलेला पिळाचा नायलॉन आणि टोकाला हातभर बारीक तंगूस. रीळ नाही. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर टेंकारा म्हणून जी पद्धत आहे तीही अशीच, बिनरिळाची, आणि तिथल्या फ्लायही दोरा-पिसाच्याच.

मी भोगावतीवर जातो, शहराच्या बऱ्याच वर. नाल्यांचं पाणी मिसळल्यावर पंचगंगेची जी अवस्था होते ती बघवत नाही, तिथं गळ टाकायचं मन होत नाही. बंधाऱ्याच्या खाली, बरग्यांच्या फटींतून पाणी झिरपतं तिथं, लाल फ्लाय टाकली आणि तळाला जाऊ दिली. चिलापी झटका देत नाही, नुसता नायलॉन वाहायचा थांबतो. काठी उचलली तर जड लागली. तळव्याएवढी होती, ओठाच्या कडेला तो चपलेचा गोंडा. सोडून दिली. त्या सकाळी तिच्यामागून आणखी आल्या, आणि पीस विस्कटलं तरी तारेनं लोकर धरून ठेवली होती.

सध्या मरळीसाठी बेडूक करतोय, झिजलेल्या स्लीपरच्या फोमचा, पायांना बोकडाचे केस. म्हशीच्या शेपटीचे लावून बघितले, ते फार ताठ. फोमवर दोरा जास्त आवळला तर फोम चिरतो, म्हणून आधी दांडीवर दोऱ्याचा खडबडीत थर देऊन वर डिंक लावतोय. पिलांचा थवा सांभाळत फिरणाऱ्या मरळीपुढं मात्र तो टाकणार नाही. मरळीचं बरगे बसल्यावर बघू.