आमची वाटचाल : शेवटचा दिवस कोरडा

मामंजींनी १९९४ साली नवी पेठेत यात्रा बसचं बुकिंग सुरू केलं, तेव्हा बाहेरच्या फळ्यावर चारच नावं असायची : अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर. पुढे तिरुपती आलं, काशी आली. आज त्याच ऑफिसातून आम्ही सोलापूरच्या लोकांना थायलंड, मालदीव आणि इंडोनेशियाच्या समुद्रात स्कुबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला, घेऊन जातो. हे कसं जमलं, असं बरेच जण विचारतात.

सुरुवात माझ्या पोहण्यापासून झाली. लग्नाआधीपासून मी मुलींना पोहायला शिकवायची. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणारं आपलं गाव. इथं पोहणं म्हणजे मुलांनी पाठीला डबा बांधून शेतातल्या विहिरीत उडी मारणं, आणि मुलींनी काठावर कपडे सांभाळणं. म्हणून तलावावर एखादी मुलगी पहिल्यांदा पाय सोडून तरंगली की मला फार आनंद व्हायचा, अजूनही होतो. लग्नानंतर ह्यांचं तिकिटांचं काम आणि माझा तलाव, असं दोन्ही चाललं होतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये माझ्या बॅचमधल्या बायकांना घेऊन आम्ही मालवणला गेलो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. तिथं चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी मी पाण्याखाली पहिला श्वास घेतला. तलावात खाली फरशीची रेघ असते, तिच्या आधाराने आपण सरळ जातो. इथं रेघ नव्हती. हिरवट पाणी, स्वतःच्या श्वासाचा खरखर आवाज आणि मास्कच्या काचेशी येऊन थबकलेला एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा. वर आल्यावर ह्यांना म्हटलं, आपल्या फळ्यावर हे नाव लिहायचं.

पहिली तीन वर्षं फक्त मालवण केलं. तिथल्या एका बोटवाल्या काकांनी मला समुद्र शिकवला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळ असतं, मेअखेरीस बोटी वर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेआधी त्यांच्याकडे कुणी विषयही काढत नाही. परतीच्या घाटाची गोष्ट मात्र मला पुढे अभ्यास करताना कळली. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण तो नियम उंचीचा आहे, विमानाचा नाही; त्याचं कारण पुढे सांगते. साधारण ६०० मीटरच्या वर जाणं हेही त्यातच धरतात, आणि आंबोली ६९० मीटरवर आहे. तारकर्लीची नवख्यांची डाइव्ह अगदी उथळ असते, तिथं धोका कमी. तरी आमची गाडी डाइव्हच्या दिवशी घाट चढत नाही. मुक्काम करतो आणि सकाळी निघतो.

मग २०१८ आलं. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा परदेशी तुकडी नेली, ११ जण, थायलंडमधल्या को ताओ बेटावर. जगात सगळ्यात जास्त लोक जिथं स्कुबा शिकतात, त्या मोजक्या जागांपैकी हे बेट. कोर्स चार दिवसांचा, खर्च झेपणारा. दिवाळी झाली की निघायचं ठरलं, कारण थायलंडचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो असं सगळीकडे वाचलं होतं.

बेटावर उतरलो तेव्हापासून पाऊस. दुसऱ्या दिवशी समुद्र इतका खवळला की बोट निघालीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी एका आडोशाच्या खाडीत नेलं, तर पाण्यात पुढे धरलेला हात नीट दिसेना. आमच्यातला साखर पेठेतला एक मुलगा टॉवेलच्या कारखान्यात काम करून दोन वर्षं पैसे साठवत होता. तो धक्क्यावर बसून होता आणि मला काहीच म्हणत नव्हता. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

चूक आमचीच होती. थायलंडला दोन समुद्र आहेत. पश्चिमेला अंदमान समुद्र : फुकेत, क्राबी, सिमिलन बेटं. पूर्वेला आखात : को ताओ, को सामुई. पश्चिमेला आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. सिमिलनचं राष्ट्रीय उद्यान तर साधारण मध्य मेपासून मध्य ऑक्टोबरपर्यंत बंदच ठेवतात, आणि तिथला हंगाम खरोखरच नोव्हेंबरात सुरू होतो. पण त्याच सुमाराला ईशान्येचा वारा आखातावरून ओल उचलतो आणि को ताओला झोडपतो. सोलापूरच्या माणसाला हे समजायला हवं होतं. कोकणात जूनमध्ये धो धो पडत असतो तेव्हा आपण आभाळाकडे बघत बसतो, आणि आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरात परतीच्या वाटेने येतो. एका राज्यात जर असं असेल, तर एका देशाला दोन हंगाम का नसावेत?

डायव्हिंगचे सगळे पैसे आम्ही परत केले. ते वर्ष त्यातच गेलं. तेव्हापासून ऑफिसात एक मोठा कागद लावला आहे. उभ्या रेघेत महिने, आडव्या रेघेत जागा. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, थायलंडला जायचंय. आमचा पहिला प्रश्न : सुट्टी कधी आहे? मे महिन्याची असेल तर आखाताची बाजू. नाताळची असेल तर पश्चिमेची. साखरपुडा, परीक्षा, कारखान्याचा सीझन या सगळ्यातून जो आठवडा मोकळा मिळेल, त्यावरून समुद्र ठरतो. समुद्र ठरवून मग सुट्टी शोधू नये, त्यात मन खट्टू होतं.

दुसरी गोष्ट, आम्ही सहल शेवटाकडून आखतो. परतीचं विमान आधी लिहायचं, मग त्याच्या मागे एक अख्खा दिवस कोरडा ठेवायचा, आणि उरलेल्या दिवसांत डाइव्ह बसवायच्या. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जसे बुडबुडे उसळतात, तसं अंगात होऊ शकतं. सांधे दुखतात, कधी पाय लुळे पडतात. विमानात हवेचा दाब कमी असतो म्हणून तिथं हा धोका पुन्हा उभा राहतो. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह असतील तर १८ तास थांबावं असं सांगतात. आम्ही २४ धरतो. त्या दिवशी बाजार, देवळं, झोप. एका काकांनी भांडून विचारलं होतं, पैसे भरलेत तर शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह का नको? त्यांना सोडा आणून दाखवला.

तिसरी गोष्ट सोलापुरातच होते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. निघण्याआधी सहा रविवार तलावावर यायचं. कोर्सला २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. वेगाची अट नाही. त्यापेक्षा मी कानावर जास्त वेळ घालवते. १० मीटर खाली गेलं की दाब जमिनीच्या दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, आणि दुखायच्या आधी मारायची. दुखलं की थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. आणि श्वास कधीही, कधीही रोखायचा नाही. आपल्याकडे लहानपणापासून बुडी म्हणजे श्वास रोखणं, ती सवय मोडायला दोन रविवार जातात.

बारीकसारीक अडचणी असतात, त्या कुणी मोठ्याने विचारत नाही. बायका कपड्यांबद्दल दबक्या आवाजात विचारतात. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो हे सांगितलं की निम्म्या जणींचा चेहरा मोकळा होतो. चष्मेवाल्यांना मास्कमध्ये नंबरच्या काचा मिळतात. झुपकेदार मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपतं. नाकाखाली थोडी कातरावी लागते आणि व्हॅसलीन लावावं लागतं. मिशी ठेवायची की मास्क, यावर आमच्या ऑफिसात गंभीर चर्चा झालेल्या आहेत.

तब्येतीचा अर्ज मात्र मी स्वतः समोर बसून भरून घेते. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण. ४५ च्या पुढच्यांना बिडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल याबद्दलही विचारलं जातं. लोक ‘नाही, नाही’ करत खुणा करतात, कारण पैसे भरलेले असतात. म्हणून आम्ही अर्ज आधी आणि पैसे नंतर, असा क्रम केला. विम्याचा कागदही वाचून दाखवतो. साध्या प्रवास विम्यात पुष्कळदा स्कुबा धरलेलंच नसतं, किंवा खोलीची मर्यादा असते.

२०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली आणि दोन वर्षं ऑफिसचं शटर जवळपास खालीच होतं. मामंजींची जुनी यात्रा बस विकली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

त्यानंतर मालदीव सुरू केलं. मोठे रिसॉर्ट परवडत नाहीत म्हणून लोक घाबरतात, पण २००९ पासून तिथल्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायला परवानगी आहे, आम्ही तिथं राहतो. बेटावर दारू मिळत नाही, हे आमच्या कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांना पसंतच पडतं. तिथले प्रवाह मात्र जोरदार असतात, त्यामुळे नवख्याला मी आधी मालदीवला नेत नाही. आधी को ताओला कोर्स, तो पास झाल्याचं कार्ड हातात, मग मालदीव. आणि कार्डावर खोलीची मर्यादा १८ मीटर लिहिली असेल तर १८ च मीटर.

माझी स्वतःची आवडती जागा बालीतलं तुलांबेन. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज तिथल्या किनाऱ्याला लावलं होतं. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते सरकून पाण्यात गेलं. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, आणि काही मिनिटांत समोर पोलादी सांगाडा, त्यावर प्रवाळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्या बंद पडलेल्या गिरण्यांची आठवण झाली. तसेच उंच खांब, तसंच मोकळं छप्पर, पण इथं माणसांच्या जागी मासे.

प्रवाळाबद्दल आता आधीच सांगून ठेवते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ विरंजन जाहीर केलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्या वर्षी ज्यांना रंगीत फोटो हवे होते, ते नाराज झाले. ४४ अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्यांना उष्णतेने जीव कासावीस होणं समजावून सांगावं लागत नाही. तळाला हात लावायचा नाही, पायातले फिन्स घासायचे नाहीत, हे मी तलावावरच घोटून घेते.

साखर पेठेतला तो मुलगा २०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्याबरोबर को ताओला पुन्हा आला. समुद्र पाटावर ठेवलेल्या ताटासारखा शांत होता. त्याची बॅग कडक भाकरी आणि शेंगा चटणीने भरलेली होती, सगळ्या तुकडीला पुरली. आता रविवारी तलावावर नवख्यांना मास्कमधलं पाणी काढायला तोच शिकवतो.

पुढची तुकडी फेब्रुवारीत सिमिलनला, नऊ जण. त्यांचे सहा रविवार दिवाळीनंतर लगेच सुरू होतात आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी संपतात, कारण यात्रेच्या दिवसांत पहाटे तलावावर कुणी येत नाही. पहाटे सहाला हजर, अर्ज आणि डॉक्टरांचा कागद बरोबर.