काडेपेटी वीस रुपये

खानापुरात आमचे किराणा दुकान होते आणि माल भरायला आप्पा मला लहानपणी बेळगावच्या रविवार पेठेत बरोबर नेत. व्यापाऱ्याने भाव सांगितला की ते मनातल्या मनात सवायकी-दिडकी मोजून तो रास्त की चढा हे लगेच ताडत. त्यांच्या त्या नजरेची आठवण मला ‘द प्राइस इज राइट’ या वस्तूंच्या किमती ओळखण्याच्या अमेरिकी कार्यक्रमाचे जुने भाग इंटरनेटवर पाहताना झाली, ती त्यातल्या ‘हिट मी’ या खेळामुळे. सीबीएस वाहिनीवर १९७२ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात तो १९८० साली आला आणि २००६ साली कायमचा बंद झाला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

‘ब्लॅकजॅक’ या, पानांची बेरीज एकवीसपर्यंत नेण्याच्या पत्त्यांच्या डावावर बेतलेल्या या खेळात किराण्याच्या सहा वस्तू मांडलेल्या असत आणि प्रत्येकीवर खऱ्या किमतीला एक ते दहापैकी कोणत्या तरी आकड्याने गुणून आलेली किंमत लिहिलेली असे. स्पर्धकाने वस्तू निवडली की जितकी पट तितक्या गुणांचे पान त्याच्या वाट्याला येई. एका वस्तूची किंमत अगदी खरी असे, म्हणून ती एक्का, जो एक किंवा अकरा धरता येई. दुसऱ्या एकीची नेमकी दहापट असे. ही जोडी ओळखली की एकवीस भरत आणि बक्षीस मिळे. एरवी एकवीसच्या पुढे न जाता कार्यक्रमाच्या स्वतःच्या पानांच्या बेरजेपेक्षा कमी न पडण्याची कसरत करावी लागे.

यात पत्त्यांचे नशीब थोडे होते आणि बाजाराची जाण फार होती. साबणाच्या वडीवर ३२० रुपये लिहिले असतील, तर वडी ३२ रुपयांची हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला दहाचे पान समोर दिसते. पण ती ४० रुपयांची असावी असा ज्याचा नुसता अंदाज आहे, तो तिला आठपट समजतो आणि पुढचे सगळे गणित चुकते. मी पाहिलेल्या काही भागांत पत्त्यांची बेरीज सांभाळण्याच्या नादात स्पर्धकांचे किमतींकडेच दुर्लक्ष झाले. माझ्या मते तरीही किमतीच्या ज्ञानाची इतकी बारीक परीक्षा घेणारा हा खेळ टिकायला हवा होता.

गेल्या रविवारी मी कागदावर सहा वस्तू आणि अशाच वाढवलेल्या किमती लिहून आप्पांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला, एकदाच वरून खाली पाहिले आणि आधी तेलाच्या पिशवीवर व मग वीस रुपयांच्या काडेपेटीवर बोट ठेवले. एकवीस भरले होते.