लवकर संपवलं की अजून दहा

परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी परत तेच वाक्य टाकलं, हुशार पोरांचं काय ओ, ती आपोआप वर येतात, आपण कच्च्यांकडं बघायचं. मी गप्प बसले कारण कित्येक वर्षं मीपण हेच म्हणत आले, आणि त्यात अर्धं खरं आहेच, आठवीच्या वर्गात 62 पोरं, त्यातल्या पंधराएक जणांना अजून भागाकार धड येत नाही, तिथं ज्याला येतंय त्याच्याकडं बघणार कोण.

पण तो एक पोरगा. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, याच्या घरी तेलुगू, वडील मागावर, आई विड्या वळते, म्हणजे निम्म्या वर्गाचं असतं तसंच. हा हुशार आहे हे मला कळलंच नव्हतं. आमच्याकडं हुशार म्हणजे पहिल्या बाकावरचं, वही स्वच्छ, सारखा हात वर असलेलं पोर, आणि हा मागं खिडकीपाशी. जूनमध्ये पटापट गणितं करायचा, ऑगस्टपर्यंत चुकायला लागला. मला वाटलं लक्ष उडालं. मग एकदा वही तपासताना मागची रफ पानं उघडली तर तिथं सगळी उत्तरं बरोबर, आणि पुढं फेअरमध्ये मुद्दाम चुकवलेली! बोलावून विचारलं तर खाली बघून म्हणतो, "मॅडम, लवकर झालं की तुम्ही अजून दहा देताय की."

खरंच देत होते. तसलीच दहा. बक्षीस म्हणून.

रात्री झोप नाही लागली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अशा मुलांसाठी वेगळा भाग आहे, बीएडला यात स्पेशलायझेशन ठेवता येईल असंही लिहिलंय, माझ्या बीएडच्या वेळी असलं काही नव्हतं, त्यामुळं मी आपलं अंदाजानं सुरू केलं. सरावसंचातली सगळ्यात अवघड चार आधी करायची, बरोबर आली तर बाकीची माफ. सगळ्या वर्गाला सांगितलं, त्याला एकट्याला नाही, नाहीतर पोरं "काय बे, मॅडमचा लाडका" करून जीव घेतात. पहिल्या आठवड्यात ज्यांनी ही चार सोडवली त्यात हा होताच, पहिल्या बाकावरचे दोघंच, आणि दोन मुली अशा ज्यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

उरलेल्या वेळात करायचं काय हा खरा प्रश्न. या पोराला म्हटलं, बाबा, वडिलांच्या मागावर चादरीची नक्षी कशी येते ते बघून ये. जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची, भोकांची पुठ्ठ्याची कार्डं असतात ना, भोक असलं तर दोरा वर, नसलं तर खाली, पुढं कॉम्प्युटरलाही भोकांची कार्डंच वापरली तो त्याचाच पुढचा अवतार. विचारलं, आठ जागांची पट्टी असली तर किती वेगवेगळी कार्डं होतील? त्यानं 256 तोंडी सांगितलं, एक जागा वाढली की दुप्पट होतंय म्हणून. आणि मग स्वतःच, "मॅडम, शेजारी शेजारी दोन भोकं पाडायचीच नाहीत असं ठरवलं तर?"

मला येत नव्हतं. आलं नाही असं सरळ सांगितलं, बरं वाटलं उलट. दोन शनिवार शाळा सुटल्यावर मी आणि ही पाच पोरं बसलो, एक जागा असली तर 2, दोन असल्या तर 3, मग 5, 8, 13... आठ जागांना 55. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. का होतंय ते त्या दोघींपैकी एकीनं सांगितलं, शेवटच्या जागी भोक नसलं तर मागं काहीही चालतंय, आणि असलं तर त्याच्या मागची जागा मोकळीच पाहिजे. झालं! मराठीच्या सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले अहो हे आमचं लघु-गुरूचं गणित आहे, जैन पंडित हेमचंद्रानं छंद मोजताना हेच आकडे काढले, तेही ज्याच्या नावानं ते जगभर ओळखले जातात त्या फिबोनाचीच्या आधी.

एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, पाचही जणांना बसवलं. सातवीला 55 टक्के, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, लागली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. विडीच्या घरात ही रक्कम लहान नाही, पोरीचं शिक्षण थांबतं की चालू राहतं ते यावर ठरतं कधी कधी, म्हणून अनुदानित शाळेतल्या मास्तरांनो फॉर्मची तारीख चुकवू नका. दोघींना लागली. याला नाही, उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही आणि मीपण पाठपुरावा करायला कमी पडले, ते अजून लागतंय.

नववीत तो गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेला बसला, आयओक्यूएम, 30 प्रश्न, तीन तास, पर्याय नाहीत, उत्तर सरळ आकड्यात. सात बरोबर आले असं तो म्हणतो. बाहेर आला तर तोंड पडलेलं नव्हतं, एकविसावा प्रश्न कसा करायचा ते विचारायलाय रिक्षा येईपर्यंत.

वडील मागच्या महिन्यात शाळेत आले, पहिल्यांदाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या जकार्ड कार्डांची चळत, ऑइलचा वास येणारी. "पोरगं म्हणालं मॅडमला लागतंय." कपाटात ठेवलीय. मुख्याध्यापकांनी काल विचारलं, ही रद्दी कधी काढणार?